डावा जरासा वर

इंडिकाच्या पिवळ्या पडलेल्या दिव्यांना
जो तो मोतीबिंदू म्हणतो.
मला ते मधाच्या रिकाम्या बाटल्यांसारखे दिसायचे.
मध कधीच संपला,
रंग तेवढा काचेला धरून बसला.

पहाटे अडीचला यवतमाळहून गठ्ठे उचलायचे.
घाटंजी, पारवा, कुर्ली.
चारशे बारा पेपर,
आणि एका पेपरमागं काय सुटतं
ते सांगण्यासारखं नाही.

टूथपेस्ट घासून पाहिली.
लिंबू-सोडा. दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर.
पंधरा दिवस बरे दिसायचे दिवे,
मग पुन्हा मध.

पौषात, पारव्याच्या अलीकडं,
रस्त्याच्या मधोमध रोही उभा.
रोही नाहीच दिसला आधी, डोळे दिसले,
हिरवे, माझ्या दिव्यांपेक्षा लख्ख.
ब्रेक दाबला तसे गठ्ठे पुढं आले,
निधनवार्तांचं पान येऊन
मानेला चिकटलं.
तो गेला. सावकाश गेला.
घाई मलाच होती.

जंगू मिस्त्रीनं फोनवर दोन भाव सांगितले.
"कंपनीची जोडी घेशीन त साडेनऊ हजार.
लोकल घेशीन त बावीसशे.
उजेडावर कंपनीचं नाव लिवून नसते गड्या."

एस.टी.च्या पार्सलनं नागपूरहून खोकं आलं.
दिवे पेपरात गुंडाळलेले,
आमच्याच पेपरात, नागपूर आवृत्ती, महिनाभर जुनी.
जंगू पान्हे मांडेपर्यंत
मी ती वाचून काढली.

दिव्याला तीन कान. दोन बसले.
तिसऱ्याचं भोक ज्वारीच्या दाण्याएवढं बाजूला.
जंगूनं कानस फिरवली,
सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून वायसर केला,
एक शिवी दिली,
कोणाला ते कळलं नाही.
तरी बोनेटखाली फट राहिलीच,
करंगळीचं टोक जाईल एवढी.
"पाणी जाईल ना यातून?"
"जाईन. आन् निंघूनबी जाईन."

अंधार पडल्यावर शाळेच्या भिंतीसमोर
पंचवीस फूट, पावलांनी मोजून, गाडी लावली.
जंगूच्या पोरीनं, सुकेशिनीनं, खडूची रेघ ओढली
हात धुण्याचे फायदे लिहिलेत
त्याच्या बरोबर खालून.
उजवा रेघेवर बसला.
डाव्याचा स्क्रू फिरतो, फिरतच राहतो,
दिवा काही खाली येत नाही.
"डावा जरासा वरच राहीन," जंगू म्हणाला.
"समोरच्यानं डीपर मारला त माफी मागजो."

दुसऱ्या पहाटे
रस्ता एवढा रुंद आहे हे मला कळलं.
खड्डे पाठ होते, त्यांच्या कडा नव्हत्या.
समोरून ट्रक आला, डीपर मारून गेला.
मी माफी मागितली,
थंडीमुळं काच वरच होती.

आणि डावीकडं, वर,
जिकडं पाहायचं मला बारा वर्षांत
काही कारण पडलं नव्हतं,
मोहाच्या फांद्या एकेक करून येऊ लागल्या.
फांद्यांत मचाण.
मचाणावर घोंगडी पांघरलेला कोणीतरी,
हरभऱ्याच्या जागलीला.
उजेड तोंडावर पडला तसा तो उठून बसला,
हात डोळ्यांवर घेतला,
काहीतरी बोलला. चांगलं नसावं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बॅटरी दाखवली, दोनदा.
मीही दिवे दोनदा मिचकावले.
तिसऱ्या दिवशी
त्याची बॅटरी माझ्याआधीच लागलेली.

चौथ्या दिवशी गाडी जरा हळू करून
मोहाखाली एक पेपर टाकला.
त्याला वाचता येतं की नाही, ठाऊक नाही.
थंडीत शेकोटी पेटवायलाही पेपर बरा असतो.

कुर्लीत हिशेबाला एक कमी भरला.
एजन्सीला सांगितलं, फाटला.